हॉट मेल्टमधलं मिनरल ऑइल: काय करतं, कुठलं घ्यायचं आणि कुठे घात करतं

डायपरचे थर जोडणारा ग्लू, कुरिअरच्या पिशवीची चिकटपट्टी, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, झुरळं पकडायचा चिकट पुठ्ठा. या सगळ्यांत बहुतेक वेळा एकाच कुळातला ग्लू असतो, रबरावर आधारलेला हॉट मेल्ट. त्यात पाणी नसतं, सॉल्व्हंट नसतो. वितळवून लावायचा आणि गार झाला की तो धरतो. अशा ग्लूच्या 100 किलोंत साधारण 10 ते 25 किलो मिनरल ऑइल असतं.

हे तेल केवळ भाव खाली आणायला घालतात, असा समज बाहेरच नव्हे तर कारखान्यांतही पक्का आहे. तेल हा त्यातला सगळ्यांत स्वस्त घटक असतो हे खरं. पण ग्लू किती थंडीत चिकटणार, उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये टिकणार की नाही आणि मशीनच्या नोझलमधून किती सहज येणार, या तिन्ही गोष्टी तेल ठरवतं. म्हणून तेलाचा टक्का खरेदी विभागाने परस्पर हलवू नये.

साधी, पाठ्यपुस्तकी म्हणावी अशी कृती घेऊ: एसआयएस रबर 30 भाग, चिकटपणा आणणारं हायड्रोकार्बन रेझिन 50 भाग, नॅफ्थेनिक तेल (मिनरल ऑइलचा एक प्रकार) 20 भाग आणि वर रबर खराब होऊ नये म्हणून अर्धा भाग अँटिऑक्सिडंट. एसआयएस म्हणजे स्टायरीन-आयसोप्रीन-स्टायरीन. याच्या प्रत्येक साखळीची दोन्ही टोकं पॉलिस्टायरीनची, म्हणजे कडक प्लास्टिकची असतात आणि मधला लांब भाग पॉलिआयसोप्रीनचा, म्हणजे मऊ रबराचा. टोकांचं आणि मधल्या भागाचं एकमेकांशी जमत नाही. त्यामुळे गार झाल्यावर टोकं एकत्र येऊन अतिसूक्ष्म कडक गोळ्या बनवतात आणि मधलं रबर या गोळ्यांच्या मध्ये ताणलेलं राहतं. ग्लूची ताकद या गोळ्यांत आहे. साधारण 90 ते 100 अंश सेल्सिअसच्या पुढे त्या मऊ पडतात आणि ग्लू वाहायला लागतो. गार केलं की पुन्हा घट्ट. हॉट मेल्ट पुन्हापुन्हा वितळवता येतो तो यामुळे.

आता यात तेल घातलं तर ते जातं कुठे? सगळा विषय या प्रश्नाभोवती फिरतो. तेल मधल्या रबरात गेलं पाहिजे आणि कडक गोळ्यांपासून लांब राहिलं पाहिजे. रबरात गेलेलं तेल साखळ्यांमधली गर्दी कमी करतं, त्या मोकळ्या हलतात आणि ग्लू मऊ होतो. गोळ्यांत शिरलेलं तेल मात्र ग्लूचा कणाच मोडतं. 70 अंशांना टिकायला हवा तो जोड 50 अंशांवर सरकायला लागतो.

मऊ होतो म्हणजे नेमकं किती, हे आकड्यांत बघता येतं. रबर, रेझिन आणि तेल यांतल्या प्रत्येकाचं एक ग्लास ट्रान्झिशन तापमान असतं, कारखान्याच्या भाषेत टीजी. त्याच्या खाली पदार्थ काचेसारखा ठिसूळ असतो आणि वर गेला की मऊ. पॉलिआयसोप्रीनचा टीजी सुमारे उणे 60 अंश, नॅफ्थेनिक तेलाचा उणे 70 च्या आसपास आणि आपल्या रेझिनचा अधिक 45 धरू. मिश्रणाचा टीजी फॉक्सच्या सूत्राने काढतात. प्रत्येक घटकाचा वजनी हिस्सा त्याच्या केल्व्हिनमधल्या टीजीने भागायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि तिचा व्यस्त घ्यायचा. पॉलिस्टायरीनची टोकं यात धरायची नाहीत, कारण ती वेगळी पडलेली असतात. एसआयएसमध्ये 15 टक्के स्टायरीन असेल तर 30 भागांतले 25.5 भागच हिशेबात येतात.

तेल शून्य असेल तर उत्तर येतं जवळपास 0 अंश. 10 भाग तेल घातलं की उणे 11. 20 भाग घातलं की उणे 19. प्रत्यक्ष यंत्रावर मोजलेला टीजी, विशेषतः रिओमीटरवर (पदार्थाचा कडकपणा आणि वाहणं मोजणारं यंत्र) टॅन डेल्टा या आकड्याच्या शिखरावरून काढलेला, या आकड्यांपेक्षा 10 ते 20 अंशांनी वर दिसतो. त्यामुळे सूत्राचं उत्तर स्पेसिफिकेशन म्हणून लिहू नका. पण दोन कृतींमधला फरक बघायला हे सूत्र उत्तम आहे आणि कागदावर पाच मिनिटांत होतं. आइस्क्रीमच्या डब्यावरचं लेबल किंवा डीप फ्रीझरमध्ये जाणारी पिशवी असेल, तर तेल वाढवण्याचं कारण हेच.

दुसरा परिणाम कडकपणावर होतो. शास्त्रात त्याला स्टोरेज मॉड्युलस म्हणतात. थ्री-एम कंपनीतले कार्ल डालक्विस्ट यांनी यासाठी एक निकष मांडला, तो आजही सगळे वापरतात: खोलीच्या तापमानाला मॉड्युलस साधारण 3 लाख पास्कलच्या खाली असेल तरच ग्लू बोटाच्या दाबाने पृष्ठभागावर पसरतो आणि चिकटतो. त्याहून कडक असेल तर कितीही दाबा, तो पृष्ठभागाच्या खाचाखोचांत शिरतच नाही. मिश्रणातल्या रबराचा हिस्सा कमी झाला की मॉड्युलस ढोबळमानाने त्या हिश्श्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. 80 भागांत 30 भाग रबर म्हणजे 37.5 टक्के. 20 भाग तेल घातल्यावर 100 भागांत 30, म्हणजे 30 टक्के. गुणोत्तराचा वर्ग येतो 0.64. तेवढ्याने मॉड्युलस एक तृतीयांशाहून जास्त उतरला.

रेझिन वाढवलं तरी मॉड्युलस उतरतो, मग तेलाचीच गरज काय? कारण रेझिन मॉड्युलस उतरवतं पण टीजी वर नेतं. तेल मॉड्युलस उतरवतं आणि टीजीही खाली आणतं. दोघं मॉड्युलसला एका दिशेने आणि टीजीला उलट दिशांना ओढतात, आणि फॉर्म्युलेशन करणाऱ्याचं खरं काम या ओढाताणीत आहे. आपल्याच कृतीत रबराचे 5 भाग काढून रेझिन 5 भाग वाढवलं, म्हणजे 25, 55 आणि 20 केलं, तर टीजी उणे 19 वरून उणे 14 ला येतो आणि मॉड्युलस आणखी तीसेक टक्क्यांनी उतरतो. टॅक, म्हणजे हात लावताच जाणवणारा चिकटपणा, कमी पडला की नुसतं तेल ओतणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. सुरुवातीला टॅक वाढतो, मग पील, म्हणजे सोलून काढायला लागणारा जोर, उतरतो, शेवटी लेबल काढताना ग्लू मधूनच फाटतो आणि दोन्ही बाजूंना चिकटून राहतो. तेल हलवायचं तर रेझिनचाही हिशेब पुन्हा मांडायचा.

आता कुठलं तेल. मिनरल ऑइल हे कच्च्या तेलातून येतं आणि त्यात तीन प्रकारचे कार्बन असतात: सरळ किंवा फांद्या असलेल्या साखळ्यांमधले पॅराफिनिक, वर्तुळाकार पण संतृप्त असे नॅफ्थेनिक आणि बेंझिन वलयातले अॅरोमॅटिक. पुरवठादाराच्या डेटाशीटवर हे टक्के सीपी, सीएन, सीए अशा नावांनी दिलेले असतात. एएसटीएम डी2140 या पद्धतीने ते काढतात. पॉलिस्टायरीन अॅरोमॅटिक असल्यामुळे अॅरोमॅटिक तेल त्यात विरघळतं, म्हणजे नको तिथे जातं. सीए जितका कमी तितक्या कडक गोळ्या सुरक्षित.

मग शंभर टक्के पॅराफिनिक घ्यावं का? एसआयएस आणि एसबीएससाठी (ज्यात मधला भाग ब्युटाडाईनचा असतो) नाही. पॅराफिनिक तेलाचं आयसोप्रीन किंवा ब्युटाडाईनच्या रबराशी नॅफ्थेनिकइतकं जुळत नाही, त्यामुळे प्रमाण वाढलं किंवा ग्लू थंडीत राहिला की ते बाहेर येतं. म्हणून या दोन रबरांसाठी नॅफ्थेनिक तेल ही सर्वसाधारण निवड आहे. एसईबीएस या हायड्रोजनेटेड रबराचा मधला भाग स्वतःच संतृप्त असतो, त्याला मात्र पॅराफिनिक व्हाइट ऑइल, म्हणजे खूप शुद्ध केलेलं रंगहीन तेल, छान मानवतं. डेटाशीटवर कार्बनचे टक्के नसतील तर अॅनिलीन पॉइंट, म्हणजे तेल आणि अॅनिलीन हे रसायन एकमेकांत पूर्ण मिसळतात ते तापमान, बघा. 40 अंशांना 100 सेंटिस्टोकच्या (घट्टता मोजायचं एकक) आसपासच्या नॅफ्थेनिक तेलाचा तो सहसा 90 ते 105 अंशांत असतो आणि पॅराफिनिकचा 110 च्या पुढे. अॅनिलीन पॉइंट त्याहून बराच खाली दिसला तर तेलात अॅरोमॅटिक जास्त आहे असं समजा.

ईव्हीए, म्हणजे इथिलीन-व्हिनाइल अॅसिटेट या प्लास्टिकवर आधारलेल्या हॉट मेल्टचं, म्हणजे कार्टन बंद करायच्या आणि पुस्तकबांधणीच्या ग्लूचं गणित वेगळं आहे. तिथे पातळपणा आणायचं काम मेण करतं आणि मिनरल ऑइल बहुधा टाळतात. ऑफसेट छपाईच्या शाईतलं तेल पुस्तकाच्या कण्यापर्यंत पोचलं तरी ईव्हीए ग्लू मऊ पडतो. दिवाळी अंकाची रंगीत पानं कण्याजवळ सुटतात त्यामागे अनेकदा हे कारण असतं. जिथे छपाई थेट कण्यापर्यंत जाते तिथे बांधणीवाले पीयूआर, म्हणजे पॉलियुरेथेनच्या, ग्लूकडे वळतात.

तेलाची घट्टता, म्हणजे व्हिस्कॉसिटी, हा दुसरा निकष, आणि इथे स्वस्ताईचा मोह फार महाग पडतो. हॉट मेल्टसाठी 40 अंशांना साधारण 70 ते 120 सेंटिस्टोकचं तेल घेतात, ज्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते ते तापमान, 200 अंशांच्या वर असतो. सौंदर्यप्रसाधनांसाठी विकलं जाणारं लाइट लिक्विड पॅराफिन पांढरंशुभ्र असतं, सहज मिळतं, पण त्याची घट्टता 15-20 सेंटिस्टोकच्या घरात असते. त्याने ग्लू छान मऊ होतो. मात्र ग्राहकाची टाकी दिवसभर 160 अंशांवर उघडी असते आणि हलकं तेल तिथून उडत राहतं. मशीनवर धूर दिसतो, हूडवर चिकट थर बसतो. सकाळचा ग्लू आणि संध्याकाळचा ग्लू वेगळा होतो, कारण तेल गेलं की टीजी वर चढतो. शिवाय लहान रेणू सहज सरकतात, त्यामुळे लेबलवर डाग पडण्याचा धोकाही याच तेलात जास्त.

मिक्सिंगकडे वळू. 500 किलोची बॅच धरली तर एसआयएस 150, रेझिन 250, तेल 100 आणि अँटिऑक्सिडंट अडीच ते तीन किलो. सिग्मा मिक्सरमध्ये झेडच्या आकाराची दोन पाती कणीक मळावी तसं रबर मळतात. जॅकेट 160 अंशांवर आणून नायट्रोजन सुरू करायचा. आधी सगळं एसआयएस, सगळा अँटिऑक्सिडंट आणि फक्त 20-25 किलो तेल. दाणे मोडून एकजीव लगदा होईपर्यंत, साधारण अर्धा-पाऊण तास, इतर काही घालायचं नाही. मग रेझिन चार-पाच हप्त्यांत, प्रत्येक हप्ता पूर्ण मुरल्यावर पुढचा. उरलेलं तेल 80-90 अंशांना गरम करून बारीक धारेने शेवटी. थंड तेल एकदम ओतलं तर तापमान कोसळतं आणि पातीवरचा लगदा सुटून तुकड्यांत फिरायला लागतो.

सुरुवातीलाच सगळं तेल घातलं तर काय होतं ते एकदा झाकण उघडून बघण्यासारखं आहे. रबराचे दाणे तेलात पोहतात, पाती त्यांच्यामधून नुसती घसरते, मोटरचा अँपिअर वर जातच नाही. तासाभराने वरून सगळं पारदर्शक दिसतं, पण काचेवर पातळ थर ओढून उजेडासमोर धरला की टाचणीच्या डोक्याएवढे न विरघळलेले डोळे दिसतात. हेच डोळे पुढे ग्राहकाच्या स्लॉट डायमध्ये, म्हणजे ग्लूचा थर सोडणाऱ्या अरुंद फटीत, अडकतात आणि कोटिंगवर लांब रेघ उठते. उभ्या टाकीत साध्या ढवळणीने बॅच करणाऱ्यांना मात्र हा क्रम चालत नाही. तिथे घासण्याची ताकदच नसते, म्हणून आधी तेल 140-150 अंशांना तापवून त्यात रबर थोडं थोडं सोडावं लागतं आणि बॅचला जास्त वेळ द्यावा लागतो.

दहा किलो तेल शेवटपर्यंत हातचं राखा. नमुना काढून ब्रुकफिल्ड या घट्टता मोजायच्या यंत्रावर 160 किंवा 175 अंशांना घट्टता मोजा, जास्त असेल तर राखलेलं तेल लागेल तसं सोडा. जास्त पडलेलं तेल बाहेर काढता येत नाही, ते सावरायला पुन्हा रबर मळावं लागतं आणि तोवर पहिलं रबर उष्णतेने खराब होत असतं. 175-180 अंशांच्या वर जाऊ नका. एसआयएस जास्त तापलं तर साखळ्या तुटतात आणि ग्लू पातळ होतो. एसबीएस उलट वागतं, साखळ्या एकमेकींत गुंततात, ग्लू घट्ट होतो, वर साय धरते आणि तळाशी जेल बसतं. त्यामुळे मशीनवर ग्लू पातळ झाला म्हणून तेलाला दोष देण्याआधी रबर कुठलं आहे ते विचारा.

वजनाची एक गफलत फार साधी आणि फार सर्रास आहे. कृती किलोत लिहिलेली असते आणि तेल लिटरच्या मीटरने सोडलं जातं. नॅफ्थेनिक तेलाची घनता 0.89 धरली तर 100 लिटर म्हणजे 89 किलो. 500 किलोच्या बॅचमध्ये 11 किलो तेल कमी पडलं, तेवढा टीजी वर गेला, मॉड्युलसही वाढला. मिक्सरला वजन मोजणारा लोड सेल नसेल तर ड्रम काट्यावर ठेवून घटलेलं वजन मोजा.

तेल बाहेर येणं, म्हणजे ब्लीडिंग, ही तक्रार बहुतेक वेळा कारखान्यात नाही तर गोदामात उघडते. पांढऱ्या कागदाच्या लेबलवर महिनाभराने कडांपासून पारदर्शक डाग पसरतात. थर्मल लेबलवरची छपाई फिकट पडते आणि बारकोड वाचला जात नाही. पॉलिथिनच्या फिल्मवर लावलं असेल तर तेल फिल्ममध्ये शिरतं, फिल्म फुगते आणि लेबलला सुरकुत्या येतात. रोल उभा-आडवा दाबून ठेवला असेल तर कडांतून ग्लू स्रवतो आणि डाय कटिंगच्या पात्यावर चढतो.

हे आधी पकडायला महागडं यंत्र लागत नाही. ग्लूची एक मिलिमीटर जाड, रुपयाच्या नाण्याएवढी चकती करा. वजन केलेल्या बाँड पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवा, वर एक किलोचं वजन द्या आणि 60 अंशांच्या ओव्हनमध्ये तीन दिवस ठेवा. दररोज चकतीच्या बाहेरच्या तेलकट कड्याची रुंदी पट्टीने मोजा, शेवटी कागदाचं वजन करा. शेजारी तुमचा जुना, बाजारात चाललेला ग्लू तसाच ठेवा, म्हणजे आकड्याला अर्थ येतो. दुसरा एक नमुना अॅल्युमिनियमच्या ताटलीत 10 ग्रॅम घेऊन 177 अंशांना 24 तास ठेवा. घटलेलं वजन, वरची साय, रंग आणि घट्टतेतला बदल लिहून ठेवा. तिसरी गोष्ट फ्रीझरमधली: पातळ थर उणे 18 अंशांना आठवडाभर ठेवून तो धुरकट झाला का बघा. धुरकटपणा म्हणजे काहीतरी वेगळं पडतंय, आणि तेल पॅराफिनिक असेल तर पहिला संशय तेलावरच.

आरोग्याची बाजू हलक्यात घेऊ नये. जुन्या पद्धतीच्या, कमी शुद्ध केलेल्या अॅरोमॅटिक तेलांत अनेक वलयांचे कर्ककारक हायड्रोकार्बन असतात. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2010 पासून टायरच्या तेलांत त्यांच्यावर मर्यादा घातली. तेल या दृष्टीने सुरक्षित आहे का हे आयपी 346 चाचणीने बघतात. डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये निघणारा अर्क 3 टक्क्यांपेक्षा कमी हवा. डायपर, सॅनिटरी पॅड आणि अन्नाच्या वेष्टनासाठी एवढंही पुरेसं नाही, तिथे पूर्ण हायड्रोजनेटेड व्हाइट ऑइल किंवा तितकंच शुद्ध केलेलं नॅफ्थेनिक तेल मागतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2012 मध्ये अन्नात उतरणाऱ्या मिनरल ऑइलबद्दल सविस्तर मत दिलं, तेव्हापासून तिकडचे ग्राहक संतृप्त आणि अॅरोमॅटिक अंशांचे वेगवेगळे आकडे विचारतात. आपल्याकडे 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली. शाईतलं तेल आणि रसायनं वडापावात उतरतात तो हाच प्रकार, फक्त तिथे ग्लूऐवजी शाई आहे.

शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल वापरता येईल का, असं लोक विचारतात. ते रबराशी नीट जुळत नाही आणि 160 अंशांवर हवेशी संयोग होऊन काळं पडतं, घट्ट होतं. तेल मुळीच सरकू नये अशी गरज असेल तर पॉलिब्युटीन बघा. त्याचे रेणू मोठे असल्यामुळे ते कमी सरकतं, पण महाग आहे आणि त्याच प्रमाणात घातलं तर मिनरल ऑइलइतका मऊपणा देत नाही.

राहता राहिला ड्रम. तळोज्यात किंवा भोसरीत पावसाळ्यात तेलाचे ड्रम उघड्यावर उभे ठेवलेले सर्रास दिसतात. दिवसा ड्रम तापतो, आतली हवा बाहेर जाते. सरीने गार झाला की आत निर्वात होतं आणि झाकणाच्या खोबणीत साचलेलं पाणी बुचाच्या कडेने ओढून घेतो. बूच घट्ट असलं तरी. असं तेल 150 अंशांच्या मिक्सरमध्ये पडलं की पाण्याची वाफ होऊन बॅच फेसाळते, झाकणापर्यंत उसळते आणि गरम ग्लू माणसाच्या अंगावर येऊ शकतो. ड्रम छपराखाली ठेवा. बाहेर ठेवणं भागच असेल तर आडवे ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी येतील असे, म्हणजे ती आतून तेलाखाली राहतात आणि हवा ओढत नाहीत. वापरण्याआधी तळातून लिटरभर तेल पारदर्शक बाटलीत काढून बघा. गढूळ दिसलं किंवा तळाशी थेंब दिसले तर तो ड्रम बाजूला काढा. तेल 100-110 अंशांना हळूहळू तापवून पाणी घालवल्याशिवाय ते मिक्सरमध्ये घेऊ नका.